एका ओढीत सुटणारी गाठ

ता. ४ जानेवारी

ती. सौ. वन्संना, धाकट्या भावजयीचा शि. सा. न. वि. वि.

तुमची बदली नेमकी मामंजींच्या आजीच्या माहेरगावाजवळ झाली, ही देवाचीच योजना. मामंजींना सांगितलं तर त्यांनी पेपर तोंडासमोर धरला, तोही उलटा! म्हणाले, नवरा गेल्यावर पोर कडेवर घेऊन कापडगिरणीत कामाला निघालेल्या लेकीला, माझ्या आजीला, ज्यांनी दार बंद केलं, सख्खा भाऊही मुकाट उभा राहिला, त्यांची चौकशी कशाला? पण परवा तापात विचारत होते, आजी, पोतं आलं का? सुगी झाली की गिरणीच्या फाटकाशी यायचं ना, ते बिननावाचं धान्याचं पोतं. आजी म्हणायच्या, देवाने पाठवलं.

ही अढी मनात घेऊन मामंजींनी जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे. तुम्ही एकदा जाऊन याच.

सोबत साबण आणि मोजे पाठवते. खोक्याची सुतळी कापू नका. आजींचीच गाठ आहे, टोक ओढलं की सुटते. सुतळी परत आणा.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची वहिनी

ता. १९ जानेवारी

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

सुतळी जपून ठेवली आहे, चिक्कू बाई!

रविवारी जाऊन आले. त्या भावाची सून आता त्या घरात सगळ्यांत वडील. मी कोण ते सांगताच तिचा चेहरा बदलला. म्हणाली, जमिनीवर डोळा ठेवून नातं सांगत बरेच येतात. मी उठलेच. तेवढ्यात ती धान्याचं पोतं उघडायला गेली. बोटं संधिवाताने वाकडी, म्हणून मीच टोक ओढलं, धान्य काढून दिलं आणि सवयीने पुन्हा गाठ मारली. ती माझ्या हातांकडे बघतच राहिली. ही गाठ कोणी शिकवली म्हणाली.

अगं, तिचे सासरे आणि त्यांची बहीण, म्हणजे बाबांची आजी, यांनी लहानपणी खेळताना ती शोधलेली. त्या घराबाहेर कोणाला येत नाही. त्या दोघांच्या वडिलांनी शपथ घातली होती, तिचं नाव घेईल त्याने या घरात जेवायचं नाही. म्हणून भाऊ नाव न घालता पोतं पाठवायचा. गाठ हीच त्याची सही.

बाबांना तूच सांग. माझ्यासमोर ते पेपर धरतात.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी वन्सं

ता. २८ जानेवारी

ती. सौ. वन्संना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. मामंजी म्हणाले, पोतं उघडताना आजी डोळे पुसायची, मला वाटायचं धुरळा गेला. संध्याकाळी उठून ट्रंकेतली चादर काढली. गिरणीत त्यांनी स्वतःच्या मागावर विणलेली, जी मी पाहुण्यांनासुद्धा कधी अंथरली नाही, तीच. गाठोडं मला बांधू दिलं नाही, आजींची गाठ स्वतःच मारली.

आजी देवाने पाठवलं म्हणायच्या, त्यात खोटं काय होतं? देवाने भावाच्या हातून पाठवलं. म्हणून टपालाचा खर्च मी देवाच्या खात्यावर मांडला आहे. गाठोडं त्यांच्या घरी तेवढं पोचवा.

आमच्यावरची माया पूर्वीसारखीच ठेवा.
तुमची वहिनी

ता. ९ फेब्रुवारी

चि. सौ. वहिनीस अनेक आशीर्वाद.

गाठोडं पोचवलं. म्हातारीने ते मांडीवर घेतलं, चाचपलं, गाठीवरून बोट फिरवलं, पण उघडेना. मी टोक ओढायला गेले तर हातावर चापट बसली! म्हणाली, आमच्या पोत्यांच्या सगळ्या गाठी तिकडे सुटल्या. ही बांधणाऱ्यानेच येऊन सोडायची.

गाठोडं कोनाड्यात ठेवलं आहे. बाबांचा ताप उतरला की त्यांना गाडीत बसव.

तुझी सुतळी त्यांच्याबरोबरच पाठवीन.

तुझी वन्सं