साहेबांचे सदरे वेगळे धुण्याबाबत

प्रति,
मा. अधिकारी,
कीटकनाशक नियंत्रण कार्यालय.

विषय : फवारणीचे कपडे धुणाऱ्या लेकीची रक्ततपासणी नाकारल्याबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचा पहिला अर्ज, २) आपले नकाराचे उत्तर, ३) आपली चिठ्ठी.

महोदय,

१. अर्जदार ही कालव्याकाठी लॉन्ड्री चालवते. थोरली लेक तिच्या हाताखाली आहे. फळबागांत औषध मारणाऱ्या बावीस माणसांचे कपडे आणि आपल्या कार्यालयाचे कपडे एकाच हौदात भिजतात, कारण हौद एकच आहे. हंगाम लागल्यापासून लेकीच्या हातांची सालटी निघत असून बोटे बधिर झाली आहेत. परवा आपल्याच सदऱ्याचे बटण लावताना सुई बोटात गेली, ती तिला रक्त दिसल्यावर कळली. हौदाचे पाणी कालव्याला मिळते तिथे बेडूक उताणे पडले आहेत.

२. "तपासणी फवारणी करणाऱ्यांचीच होते, धुणाऱ्यांसाठी नमुन्यात रकाना नाही," असे आपण कळवलेत. अर्जदाराने औषधाच्या रिकाम्या डब्यावरचा कागद वाचला. त्यावर 'कपडे वेगळे धुवावेत' असे छापले आहे. कपडे कोणीतरी धुते एवढे डब्याला कळते.

३. त्यानंतर आपले निरीक्षक आले. नाकाला रुमाल लावून लांबूनच म्हणाले, "काही नाही हो मावशी, साबण लागला असेल." तो रुमालही आमच्याच हौदातला होता. अर्जदाराचे हात तीस वर्षे साबणात आहेत. साबणाने बोटे मरत नाहीत.

४. निरीक्षक परतल्यावर तिसऱ्या दिवशी शिपाई आपल्या सहीची चिठ्ठी घेऊन आला : "माझे सदरे यापुढे फवारणीच्या कपड्यांत भिजवू नयेत." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे! साहेब, मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

५. सबब, पाणी निर्धोक असल्यास चिठ्ठी मागे घ्यावी. नसल्यास लेकीचे रक्त आठ दिवसांत तपासावे आणि बागवाल्यांना त्यांचा वेगळा हौद बांधायला लावावा. तोवर बागेचा एकही कपडा आम्ही भिजवणार नाही. आपले चार सदरेही न धुता परत पाठवत आहे. विषात बुडवले नाहीत, तेवढी माणुसकी आमच्यात आहे. पण ते वेगळे धुवायला लेकीचे हात मिळणार नाहीत. नमुन्यात रकाना नसेल तर समासात लिहा, पण तिचे नाव लिहा.

आजवर आपली नम्र,
कालव्याकाठची लॉन्ड्रीवाली
(सही माझी. लेकीला पेन धरवत नाही.)

दिनांक : कपडे पोचवायचा सोमवार

सोबत : १) डब्यावरचा कागद, २) आपल्या चिठ्ठीची नक्कल (अस्सल माझ्याकडेच राहील), ३) सदरे, मळके, नग चार.