कर्द

३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण पुन्हा नोकरी बदलली. रागावू नकोस. आता एका खानावळीत कांदे चिरतो. खोलीची खिडकी झक्क आहे, तिच्यातून समोरच्या गच्चीवरची कबुतरं... ते राहू दे.

आमचा आचारी परदेशी. काल घाईत त्याने त्याच्या भाषेत काहीतरी मागितलं. सगळे ढिम्म. माझा हात मात्र आपोआप मोठ्या सुरीकडे गेला. तो कार्द मागत होता! आपल्या बाइंडिंगच्या दुकानात कागद कापायची कर्द, तीच की गं! मला वाटायचं, हा शब्द आजोबांनीच पाडलाय. लोक हसतील म्हणून कधी घराबाहेर काढला नाही. आता आचारी मला गाववाला समजतो. तो भरभरून बोलतो, मी मान डोलावतो. हा शब्द आपल्याकडे आला कुठून गं?

तुझाच,
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शेजारच्या मास्तरांनी जाडा कोश उघडला. कर्द म्हणजे सुरी. शब्द फारशी, मूळ कार्द. दरबार, फौजा, व्यापार यांच्याबरोबर असे कितीतरी शब्द आपल्या बोलीत शिरले. मला रागच आला. इतकी वर्षं घरचा म्हणून मिरवला, आणि निघाला पाहुणा! मास्तर म्हणाले, एवढा मुक्काम ठोकला की पाहुणा राहत नाही.

दुसरं म्हणजे, दुकान विकतेय. डोळे साथ देत नाहीत, पुस्तकांच्या कडा तिरक्या जातात. एक गिऱ्हाईक बाक, पुठ्ठे, कर्द, सगळं एकगठ्ठा घेतंय. महिनाअखेर होकार द्यायचाय. तुझ्या पायाला भिंगरी, म्हणून आग्रह नाही. नुसतं कळवलं.

जेवत जा. खानावळीत राहून उपाशी झोपणारा तूच.

आत्या

२० मार्च

ती. आत्या,

मायना राहू दे, घाई आहे. नुसतं कळवलं म्हणे! होकार देऊ नकोस, महिन्याचा पगार हाती पडला की मी येतोय. आचाऱ्याला खुणांनी सांगितलं. आधी चिडला, मग दिवसभर मला पात्याला धार लावायला शिकवत बसला. टिकेन का, देव जाणे. पण दुकान दुसऱ्याच्या हातात बघवणार नाही. एकही कड तिरकी कापली तर मलाही त्याच गठ्ठ्यात बांधून दे.

निघालोच,
भिंगरी

२७ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, पोरगा दोन महिन्यांत पळेल. मी सांगितलं, पळाला तर माझा भाचा पळेल, तुमचं काय जातं?

ये. पण वर्षभर कर्दीला हात लावायचा नाही. आधी खळ शिजव, पुठ्ठे पूस, माझ्या शिव्या खा. तोवर कडा मीच कापीन, तिरक्या तर तिरक्या.

लोभ आहेच, दाखवणार नाही.

आत्या