शेवट बदललेली कथा

नेविन, २० जुलै १२८४

चि. तांगविस्टल हिस काद्वगनदादाचे आशीर्वाद, वि. वि.

लढाईत पकडलेला तुझा योर्वर्थ इथल्या कोठडीत आहे. वाळलाय, पण मला बघून हसला.

इंग्रज राजाने आपला देश जिंकल्याचा उत्सव मांडलाय. कथेतल्या आपल्या जुन्या राजाचं होतं तसं भलंमोठं गोल मेज केलंय आणि इंग्रज सरदार त्या राजाचे वीर म्हणून मिरवताहेत. कारभारी म्हणतो, हार्प घेऊन ये, तिच्या तारा छेडत जुन्या राजाची कथा गा, फक्त शेवट बदल. तो मेला नाही, एक दिवस परत येईल असं नको, तो आलाय आणि या मेजाशी बसलाय असं म्हण. मग भाचा सुटेल. काय करू ते कळव.

तुझा दादा

२४ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

पाद्रीबाबा लिहून देताहेत. ते शिव्या गाळतात, त्या तू आपल्या मनाने घाल.

ज्याने माझा नवरा मारला त्यालाच तू आपला राजा म्हणणार? आधी त्याने कुठलीशी हाडं लोकांना दाखवली, म्हणे ही तुमच्या जुन्या राजाची, तो मेला. आता म्हणे तोच आलाय. एकदा काय ते ठरव म्हणावं त्याला.

कथेच्या शेवटी तू थांबतोस आणि सगळं खोरं एका आवाजात म्हणतं, तो येईल. नवऱ्याला पुरल्यापासून मी तेवढ्यावर उभी आहे. योर्वर्थ माझा मुलगा आहे आणि मीच सांगते, गाऊ नकोस. आपल्या माणसांची माया असेल तर ऐक.

तुझी बहीण

२९ जुलै

चि. तांगविस्टल हिस आशीर्वाद.

गायलो. सवयीने शेवटी थांबलो. वाढपी सगळे आपलेच, पण एकानेही तोंड उघडलं नाही. मग मीच म्हणालो, तो आलाय. सरदारांनी मेज बडवलं.

पोरगं उद्या निघेल. माझ्यावर हवं तेवढं रागाव, त्याला मात्र पोटभर वाढ.

दादा

४ ऑगस्ट

काद्वगन यास,

योर्वर्थ पोचला. कसा सुटलास म्हणून शेजाऱ्यांनी विचारलं, त्याने खरं ते सांगितलं. तेव्हापासून आमचा उंबरा कुणी ओलांडत नाही. लोकांचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

तुझ्यासाठी चार दिवस शिव्या जुळवत होते. पण तो दारात दिसला तेव्हा मी सगळं विसरून धावले, दादा. मला आनंद झाला. तुला शिव्या द्यायचं तोंड तू मला ठेवलं नाहीस, आणि त्यासाठी मी तुला कधीच माफ करणार नाही.

लोभ ठेव असं या खेपेला लिहवत नाही.

योर्वर्थची आई