नकाशावरच्या लाल खुणा

मंगळवार, ७ जानेवारी

उणे सहा! अख्ख्या गावाच्या पायाला भिंगरी लागलीय. आज दुकानात चष्म्यासाठी कुणी आलंच नाही, जो तो बर्फाचं विचारायला. कारण काय, तर स्केटिंग मंडळाची वेबसाइट मी सांभाळते. आणि ती उघडत नाही. म्हणजे उघडते — पावाला लोणी लावून, खाऊन, ताटली विसळून होईपर्यंत उघडते!

संध्याकाळी मंडळाचे अध्यक्ष वीब्रन यांचा फोन. "हिस्के, रविवारी कालव्यावरची मोठी फेरी काढायची म्हणतोय. कुठून कुठून लोक येतील. हे पान असं अडून बसलं तर बर्फ कुठे धड आहे, कुठे नाही, हे त्यांना कळायचं कधी? बुडल्यावर?"

स्वतःच हसले. मला काही हसू आलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

साइटच्या पोटात शिरले. बाप रे! माझ्याआधी हे काम रिन्से बघायचा. हौशी माणूस. फोटोस्पर्धेचं प्लगइन, फेरीला किती दिवस उरले ते दाखवणारं, पानावर खोटा बर्फ भुरभुरवणारं — साइटला जोडता येईल असा दिसेल तो तयार तुकडा बसवायचा. कंटाळा आला की काढून टाकायचा. पण प्लगइन गेलं तरी त्याची माहिती डेटाबेसमध्ये तशीच. भाडेकरू गेले, सामान खोलीतच! कुणी साधं पान उघडलं तरी ती सगळी अडगळ आधी उचलून आणायची आणि मग पान दाखवायचं. इथेच घोडं पेंड खात होतं.

गोसे तिकडे स्वयंपाकघरात स्केट्सना धार लावत बसलेला. चीजवर लोखंडाचा कीस. मी ओरडले तर नवरोजी म्हणतात, "तू त्या डब्यात काय एवढं शोधतेस? बर्फ बाहेर आहे!"

गुरुवार, ९ जानेवारी

आधी बॅकअप घेतला. मग डेटाबेसमधली टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, उडवायला बसले. ज्याचं प्लगइन आता नाही, त्याचं टेबल नको — सरळ हिशेब. आणि साइट पळायला लागली! वीब्रन फोनवर ओरडलेच, "अगं पोरी, बोट लावायचा अवकाश, की उघडतंय!"

फेरी पक्की. बेकरीवाल्या साकयेनं वाटाण्याच्या सुपाची मोठाली पातेली बाहेर काढली. गोसेनं मला स्वयंपाकघरभर नाचवलं.

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. काहीतरी चुकलंय, काय ते कळेना. एका बाईच्या चष्म्याला डावी काच उजवीकडे बसवली.

जेवणाच्या सुट्टीत साइटवरचा नकाशा उघडला. कालवा आहे, पूल आहेत, फेरीचा मार्ग आहे. लाल खुणा नाहीत! पातळ बर्फाच्या जागा दाखवणाऱ्या खुणा — एकही शिल्लक नाही. रिन्सेच्या जुन्या प्लगइनमधल्या होत्या त्या; प्लगइन गेलं तरी नकाशा त्या अजून त्याच टेबलातून उचलत होता. मीच पुसल्या.

बॅकअप उघडला. अर्धवट! त्याच अडगळीनं जागा भरलेली, म्हणून फाइल मध्येच तुटलेली. आणि मी ती बघितलीसुद्धा नव्हती.

रिन्से आता ग्रोनिंगनला असतो. त्याला फोन लावला. "त्या खुणा? त्या मी मंडळात आलो तेव्हाच्या. नंतर मला नव्या कुणी दिल्याच नाहीत, मी काय मनानं बदलू?"

म्हणजे इतकी वर्षं! मंडळाची माणसं बर्फाची जाडी मोजतात ती तळ्यावर, जिथून फेरी सुटते तिथे. पुढे कालव्यावर सगळे नकाशावर विसंबून. मधल्या काळात काठावर नवी घरं झाली, त्यांचं पाणी उपसून कालव्यात सोडणारे पंप बसले, आणि हलत्या पाण्यावर बर्फ पातळच राहतो — त्यांची खूण कुठे होती?

वीब्रनना सांगितलं. तर म्हणाले, "मंडळाच्या खोलीत भिंतीवर त्याच नकाशाचा कागद आहे. त्यात बघून खुणा टाक परत. कुणाला कळणारे?"

"पण त्या खुणाच खोट्या असतील तर?"

"आजवर बुडलं का कुणी?"

नाही टाकल्या. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं — कालव्यावरचा बर्फ मोजलेला नाही. मोजेपर्यंत कुणीही उतरू नये.

साइट आता एवढी वेगात, की अख्ख्या फ्रीसलंड प्रांतात वाचलं असेल. सगळ्यांच्या आधी गोसेनं.

शनिवार, ११ जानेवारी

साकये रस्त्यात समोरून आली आणि मान फिरवून गेली. एकाचा फोन — "चष्मेवाल्या बाई, आधी स्वतःचे डोळे तपासा." नाव न सांगता ठेवला.

दुपारी वीब्रन दारात. टोपी हातात, आत यायला तयार नाहीत. "काढ ते."

"नाही काढणार."

"मग पासवर्ड दे."

कागदावर लिहून दिला. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, कागद परत माझ्या हातात कोंबला. "मला येतंय होय हे!" आणि तरातरा निघून गेले.

गोसे तर आतून धुमसतोय. "किती हिवाळे वाट बघितली मी! आणि माझ्याच बायकोनं बर्फावर पाणी ओतलं." उद्या सकाळी तो आणि वीब्रन कालव्यावर जाणार — ड्रिल, दोर, शिडी घेऊन. बर्फाला भोकं पाडत, मोजत. "धड निघू दे सगळा. मग गावासमोर माफी माग."

अंथरूण उचलून माळ्यावर गेला. खालून फळ्या वाजताना ऐकू येतायत. त्यालाही झोप नाही.

रविवार, १२ जानेवारी

वीब्रन बर्फाखाली गेले. नव्या घरांपाशी, पुलाच्या अलीकडे. गोसे शिडीवरून पोटावर सरपटत गेला, कमरेपर्यंत पाण्यात उतरला आणि कॉलर धरून ओढलं त्यांना. दवाखान्यात आहेत. बोलतायत.

भिंतीवरचा कागद मी जाऊन बघितला. त्या जागी लाल खूण नाही.

गोसे न्हाणीत गरम पाण्यात बसलाय. दात अजून वाजतायत. घरी आल्यापासून एवढंच बोलला — "हिस्के, दार उघडं ठेव. तू दिसू दे."