भाटाच्या वहीतला शार्क

चि. दामिनी,

तुझा तक्ता आता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. आधी आशीर्वाद घे. तुझी आई खुशाल आहे, दाढ तेवढी ठणकते. तू वेळेवर जेवतेस का ते कळव. खोटे कळवू नकोस.

सारंगखेड्याची यात्रा आटोपून आपल्या कुळाची वंशावळ सांगणारे नवलसिंग भाट वही घेऊन आले. म्हटले, यंदा दामिनीचे नाव लिहा. तर म्हणे, "पोरीसनं नाव वहीमा ऱ्हात नई, बाई. आठ पिढ्यास्मा कोणी लिखं नई." माझे डोके फिरले. (प्राणिशास्त्र शिकून चाळीस वर्षे झाली, तरी फिरायचे ते फिरतेच.) तू तपासायला पाठवलेला तक्ता ओसरीवर पसरला आणि सांगितले, आठ पिढ्यांचे काय घेऊन बसलात, आमच्या मुलीने पन्नास कोटी वर्षांची वंशावळ लावली आहे! दुखणे शमवणारे, अफूच्या जातीचे द्रव्य अंगातच घडवणारा एक मूळ जनुक होता. सगळे जनुक दोनदा दुप्पट झाले, त्यात त्या एकाचे चार भाऊ झाले, आणि जबडा असलेल्या घराघरांत, शार्कपासून दामिनीच्या आईपर्यंत, या रंजनावहिनीपर्यंत, त्यांचाच वंश नांदतो.

"मंग मन्ही दाढ का दुखी ऱ्हायनी?" तुझी आई म्हणाली. "चारी भाऊ झोपेल शेतस का?"

भाट मात्र चहा विसरले. थोरला कोण? कोणाचा वंश बुडाला? मूळ गाव कोणते? (मी समुद्र सांगितले. त्यांनी लिहून घेतले.) मग पागोटे सारखे करून उभे राहिले आणि तुझ्या खापरपणजोबांची नावे म्हणतात त्याच चालीवर त्यांनी शार्क, बेडूक, कोंबडी खड्या आवाजात म्हटली. गल्ली जमली. मी इतकी हसले की चष्मा चहात पडला.

शेवटी ते गंभीर झाले. "लावनारनं नाव नई, ती वही खोटी." आणि ज्या पानावर त्यांच्या बापआज्यांची, वंशावळ लावणाऱ्यांची नावे आहेत, तिथे त्यांनी लिहिले: दामिनी. अट एकच, तक्ता वहीत राहील. सोमवारी तुला तो परीक्षकांपुढे लावायचा आहे हे ठाऊक असूनही मी दिला. पुन्हा छापून घे.

तुझी आत्या,
धनुबाई

ता. क. थोरला भाऊ कोण ते मी ठोकून दिले आहे.

ता. क. दुसरा: भाट होळीला परत येणार. चूक तूच येऊन दुरुस्त कर. तू घरी येऊन दोन वर्षे झाली, आई दाढेचे निमित्त करून रडते.

नवलसिंग भाट यांना दिले: तक्ता एक, पागोटे एक, दादर ज्वारी एक पायली. त्यांच्याकडून मिळाले: वहीत एक नाव.