डावीकडची पात

मु. करंजीटोला, ता. तिरोडा
१४ जानेवारी २०२५

चि. सौ. रविता हिले,

तुझ्या मोठ्या जावेचा आशीर्वाद. लोकेंद्र भाऊजीले संक्रांतीचा तीळगूळ, भूमिका पोरीले पापा. इकडे आम्ही सगळे बरे आहो. तुम्ही गोंदियात बरेच असाल. दुकान चालून राहिले असेल.

झाली खुशाली. आता ऐक.

चौथी शिकलेल्या बाईची चिठ्ठी आहे, हसशीन तर हस. फोन काऊन नाही केला म्हणशीन. फोनवर तू हॅलो म्हणशीन आणि तिसऱ्या शब्दाले मी भांडीन. कागदावर खोडता येते. ही तिसरी चिठ्ठी आहे, दोन चुलीत गेल्या.

बोदलकशाच्या तलावात यंदा पाणी भरपूर आहे, म्हणून उन्हाळी धान लावणार आहो. परह्याची रोपे वीतभर झाली. अठरा-वीस दिवसांत रोपे उपटून रोवणा. तुझ्या भासऱ्यांनी सगळा रोवणा ठेक्याने बायांना देऊन टाकला. नवरा माझा, पण मले विचारले नाही. आजकाल ते मले काहीच विचारत नाहीत. चहा गोड झाला का, एवढेच.

सून नीतू चांगली आहे, तिले नाव ठेवत नाही. पण झाडू उचलला की "आई, बसा." पाण्याची गुंडी उचलली की "आई, बसा." एक दिवस मी नुसती दारात उभी होती, तरी "आई, बसा." मी म्हटली, बाई, या घरात मी पाव्हणी आहो का? तर ती रडली. मग तिलेच समजवावे लागले. बसून बसून मले संडासपर्यंत जायले दम लागायला लागला होता आणि सगळ्यांना वाटे, बिमारी वाढली.

नागपूरच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक पोरगी आहे, डिंपल मॅडम. भूमिकापेक्षा थोडी मोठी असेल. मले म्हणते, "काकू, रोज किती चालता?"

मी म्हटली, "बाई, मले कॅन्सर आहे."

"म्हणूनच विचारते," म्हणते.

मले वाटले, मस्करी करून राहिली. पण तिने कागदावर काढून दिले. रोज अर्धा घंटा चालायचे, एकदम नाही झाले तर दहा-दहा मिनिटे. छातीच्या ऑपरेशनच्या बाजूचा डावा हात भिंतीवर बोटांनी चढवत न्यायचा, पाल चढते तसा. म्हणे, चालले की दम टिकते, झोप लागते, जेवणाले चव राहते. तुझे भासरे बाजूलेच बसले होते. बाहेर आल्यावर म्हणतात, "शहरातल्या बायांसाठी असते ते. तू आराम कर."

मी ऐकतो का? दुसऱ्या दिवशीच निघाली. आता तू सांग, आपल्या गावात बाई रिकाम्या हाताने कधी चालली आहे? दहा पावले नाही गेली तर केशोराव ओट्यावरून ओरडले, "काऊन वहिनी, कुठी चालल्या?"

"कुठीच नाही."

"मग चालल्या कायले?"

काय सांगू? चालायसाठी चालून राहिली? त्यांनी संध्याकाळी घरी येऊन तुझ्या भासऱ्यांना विचारले, दवाईने डोक्यावर तर परिणाम नाही झाला? तेव्हापासून हातात रिकामा डबा धरतो. डबा असला की कोणी विचारत नाही. तळ्याच्या पाळीपर्यंत डबा जातो आणि डबा परत येते.

किमोने तळपाय मेल्यासारखे झाले आहेत, हे तुले माहीत नाही. चप्पल निघून गेली तरी समजत नाही. सिमेंटच्या रस्त्यावर दोनदा पडली. मग एक दिवस आंगणात उलटी चालून पाहिली, रोवण्यात मागे मागे सरकतो तशी. नाही पडली! चाळीस वर्षांची सवय, पायाले विसरता येत नाही बहुतेक. आता रोज आंगणात वीस फेऱ्या उलट्या मारतो. केशोरावची बायको पाहून गेली आणि नीतूले सांगितले, सासूवरून मिरच्या उतरव.

हात दुखला. बाकी नंतर.

१७ जानेवारी

दोन दिवस वही उशीखाली ठेवली होती. आज लिहून टाकतो, नाही तर हिलेही चुलीत घालीन.

मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीनंतर तू आली होती. ऑपरेशनचे टाके निघाले त्या दिवसापासून वीस दिवस राहिली. स्वयंपाक तू, पाणी तू, माझे कपडे तू. आणि एकविसाव्या दिवशी मी तुले म्हटली, "मी मेली नाही अजून. मेली की ये." सगळ्यांसमोर म्हटली. तू पिशवी भरली, माझ्या पाया पडली आणि गेली. चौदा महिने झाले.

सगळ्यांना वाटते, तू मले काम करू दिले नाही म्हणून मी चिडली. मी पण तेच सांगतो. ते खोटे आहे.

त्या दिवशी तू मले आंघोळ घालून देत होती. मी पदर धरून बसली होती, तू तो सोडवला. मले वाटले, आता ही तोंड फिरवेल. तू नाही फिरवले. सरळ पाहिले, आणि टाक्यांच्या खुणेच्या बाजूने गरम पाणी असे सोडले, जसे लेकराच्या टाळूवर सोडते. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली. त्यानंतर माझ्या अंगावर कोणी असा हात फिरवला नव्हता, रविता. लग्न झाले, दोन बाळंतपणे झाली, तरी नाही. मले रडायले येऊन राहिले होते. मले रडता येत नाही, शिव्या येतात. त्या दिल्या.

एवढेच होते. रोज न्हाणीत गेली की ते पाणी आठवते. नीतू बादली भरून देते आणि दार लावून घेते. मी तिले काही म्हणत नाही.

आता दुसरे. वर लिहिले ना, आम्ही सगळे बरे आहो. मी बरी नाही. डिसेंबरात फोटो काढला, फेफड्यात दोन डाग निघाले. डॉक्टर भला माणूस आहे, गोल गोल बोलला नाही. म्हणाला, आता दवाई बरे करायसाठी नाही, चांगले राहायसाठी आहे. किती दिवस, मी विचारले. म्हणाला, ते सांगता येत नाही, पण जितके दिवस आहेत ते खाटेवर काढायचे की पायावर, त्यातले थोडे तुमच्या हातात आहे. तुझे भासरे बाहेर आले आणि उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात घालून बस स्टँडपर्यंत चालले. मी टोकले नाही. या डागांमुळेच त्यांनी रोवणा ठेक्याने दिला, हे मले समजते. पण मले ते पटत नाही.

मले रोवणा करायचा आहे. सगळा नाही. घरामागची लहान बांधी, बांधांमधला तेवढाच तुकडा. डिंपल मॅडमले फोन करून विचारले. आधी नाहीच म्हणाली. मी अर्धा घंटा डोके खाल्ले. मग म्हणाली, दहा मिनिटे लावा, बांधावर बसा, पुन्हा दहा मिनिटे. डाव्या हाताले खरचटू द्यायचे नाही, हातमोजा घालायचा. पाय उघडे चिखलात घालायचे नाही, काही रुतले तर समजणार नाही. म्हणून रबराचे लांब बूट आणले. परवा घालून पाहिले तर पाय बाहेर आला आणि बूट चिखलातच उभा! दोरीने बांधू. बाया हसतील. हसू दे.

तुझ्या भासऱ्यांना सांगितले, ती एक बांधी ठेक्यातून काढा. काल सकाळी पाहिले तर ती बांधी ते स्वतः चिखलणी करून राहिले होते.

पण एकटीने होत नाही. तुले पहिले वर्ष आठवते का? तू नवीन होती, हात हळू होता. दोन्हीकडच्या बाया आपापल्या वाट्याची पात लावत मागे सरकल्या आणि तू परह्याच्या मधात एकटी अडकली, ना इकडे जाता येई ना तिकडे. सगळ्या हसल्या. मी सगळ्यात जास्त हसली. दुसऱ्या दिवशी तू रांगेत बरोबर राहिली. तुले आजपर्यंत वाटते की तू एका रात्रीत शिकली. नाही शिकली. तुझी पात सहा रोपे रुंद होती, त्यातली दोन मी माझ्या बाजूने लावून राहिली होती. महिनाभर लावली. तुले सांगितले नाही, कारण सांगितले असते तर तू शिकली नसती.

आता माझा हात हळू आहे. डाव्या हातात परह्याची जुडी जास्त वेळ धरवत नाही. तू माझ्या डावीकडे उभी राहा, जशी गोंदियाले जायच्या आधी अकरा वर्षे उभी होती. माझ्या पातीतली दोन रोपे तू लाव. चार लाव. मले सांगू नको.

आणि संध्याकाळी चिखल धुवायले गरम पाणी लागेल. ते नीतूले नको सांगू. समजली?

रोवणा दोन फेब्रुवारीले, रविवारी. दुकानाचे काम असेल तर लोकेंद्र भाऊजीले एक दिवस एकटे करू दे, मरत नाहीत. सकाळच्या बसने आली तर आठपर्यंत पोचशीन.

नाही आली तर मी भांडणार नाही. मले जमेल तेवढे लावीन. पण डावीकडे सहा रोपांची जागा सोडून देईन, या बांधापासून त्या बांधापर्यंत. धान कापेपर्यंत ती मोकळी राहील. कोणी विचारले, इथे काऊन नाही लावले, तर सांगीन, ही पात रविताची आहे.

वाट पाहून राहिली आहो. पन्नास वर्षांत हे मी कोणाले म्हटले नाही, लिहिले तर नाहीच.

तुझी जाऊ,
शामकला