तराजूखालचं बोट

बेंगळूर,
गुरुवार, १२ ऑक्टोबर १९६१

तीर्थस्वरूप हयवदनमामांना पुष्पीचा वाकून नमस्कार. मामींनाही सांगावा, पण त्यांना वाकून दाखवू नका, तुमचा गुडघा अजून दुखतोय असं अण्णा म्हणाले.

मामा, एक प्रश्न आहे. आजारी बाळाचं वजन वाढलं, तर ते मोठ्याने सांगावं की मनात ठेवावं? मला याचं उत्तर देता येत नाही. चार वर्षं शिकले, परिचर्येतली पदवी घेतली, आपल्या घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही हुबळीहून पेढे पाठवलेत (चौदा पोचले, पंधरावा टपालखात्याने खाल्ला असं अण्णांचं मत आहे, माझं मत अण्णांबद्दल आहे), पण हा प्रश्न कुठल्याच पेपरात नव्हता. तुमची प्रकृती कशी आहे? निवृत्तीनंतर वेळ जात नसेल तर हे पत्र कामाला येईल. लांब आहे.

आमच्या मुलांच्या वॉर्डात जुलैपासून नवे फॉर्म आलेत, हे मी मागे कळवलं होतं. सगळ्या मुलांना एकच ठरलेला छापील तक्ता, त्यात शब्द लिहायचे नाहीत, फक्त आकडे. ताप किती, दूध किती, शी कशी (शून्य ते चार, याहून जास्त तुम्हाला सांगत नाही, जेवायच्या वेळी पत्र वाचायची तुमची सवय मला माहीत आहे). दर बुधवारी सकाळी एक गाडी येते, तक्ते घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला एका कचेरीत जाते. तिथे त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडतात आणि एक विजेचं यंत्र ती भोकं वाचून सगळ्या मुलांचा हिशेब मांडतं. मामा, ते ऐकून मला रात्रभर झोप आली नव्हती. एखादी नर्स विसरेल, दमेल, तिला एखादं मूल जास्त आवडेल. यंत्राला सगळी मुलं सारखी. फॉर्म शिकवायला कोण पुढे येतं असं विचारल्यावर मी हात वर केला, तो अर्ध्या तासाने लोकांनी खाली करायला लावला.

रिकामा रकाना म्हणजे उघडं टाकलेलं दार, हे मालधक्क्याच्या ऑफिसात तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून मी एकही रकाना सोडला नाही. सतरावा रकाना रडण्याचा. शून्य म्हणजे रडत नाही, तीन म्हणजे जोरात. मी तक्ता घेऊन खाटेजवळ जाई, पांढरी टोपी बघून मूल भोकाड पसरी, मी तीन लिही. पहिल्या आठवड्यात आमचा जवळजवळ अख्खा वॉर्ड तीन होता. मग मी टोपी काढून, तक्ता पाठीमागे लपवून, गाणं म्हणत जाऊ लागले. तेव्हा जी दोन मुलं आधी रडत नव्हती तीही रडली. (माझा आवाज मामींना माहीत आहे.)

पण खरा घोळ वजनाचा झाला. सप्टेंबरच्या मध्यावर फॉर्मची एक पुस्तिका आली. तिच्यात म्हटलंय की आकडा चुकू नये म्हणून एकीने वजन मोठ्याने वाचावं, दुसरीने ते मोठ्याने परत म्हणावं आणि मगच लिहावं. पूर्वी मोठ्या सिस्टर (मंगळूरच्या आहेत, बोलायला कमी, बघायला कडक) काट्याकडे बघून गुपचूप लिहीत. मी पुस्तिकेप्रमाणे रोज सकाळी वॉर्डाच्या मधोमध उभी राहून खणखणीत आवाजात वजन वाचू लागले, आणि दाराजवळून दुसरी नर्स ते पुन्हा म्हणू लागली. मला वाटायचं, केवढं शास्त्रशुद्ध. मुलांच्या अकरा आया खाटांवर बसून माझ्याकडे बघायच्या. त्यांना कौतुक वाटतंय असा माझा समज होता.

त्या अकरांत यल्लव्वा आहे. खानापूरकडची, घरी आपल्यासारखंच मराठी बोलते. नवरा पिराजी के. आर. पुरमला रुळांच्या कामावर असतो. आधीची दोन मुलं गेली, म्हणून या मुलीचं नाव तिने तिप्पी ठेवलंय, म्हणजे उकिरड्यावरची, कोणाची नजर जाऊ नये म्हणून. सात महिन्यांची पोर, आणली तेव्हा आठ पौंड सुद्धा नव्हती. आईचं दूध आणि वॉर्डाचं औषध यांवर ती सुधारत होती. निदान मला दिसायला तसं दिसत होतं, गालांना खळी पडू लागली होती. पण तक्त्यावर चौदा दिवस तोच आकडा, आठ पौंड तीन औंस. मी डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तक्त्यावर ठेवला. (मामा, इथे तुम्ही चष्मा काढून कपाळ पुसाल. पुसा.)

मागच्या बुधवारी यंत्राकडून कागद आला. त्यात लिहिलेलं की या वॉर्डातल्या एकाही मुलाचं वजन पंधरवड्यात वाढलेलं नाही. नियमाप्रमाणे सगळ्यांत कमी वजनाच्या मुलाला पुढच्या गुरुवारी गावाबाहेरच्या मोठ्या इस्पितळात हलवायचं. पहिलं नाव तिप्पीचं. तिथे आईला आत राहू देत नाहीत, रविवारी जाळीतून भेट. यल्लव्वाला हे सांगायचं काम फॉर्मवालीचं, म्हणजे माझं. मी सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही, मुलीला पदराखाली घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. सतराव्या रकान्यात आईसाठी जागा नाही.

शुक्रवारी सकाळी वजनं चालली होती. आमची ठकुबाई, एकोणीस वर्षं या वॉर्डाची दाई, मुलांना तराजूच्या ताटात ठेवते. माझी पेन्सिल घरंगळून टेबलाखाली गेली. मी वाकले, आणि मला ताटाखाली ठकुबाईचं बोट दिसलं. अंगठ्याशेजारचं, मजबूत, ताट हळूच वर उचलून धरणारं. मी तिथेच टेबलाखालून विचारलं की हे काय. ती घाबरली नाही. तिने मूल उचललं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाली,

"अक्का, तुम्ही सकाळी सकाळी लिलाव पुकारल्यागत लेकरांचं वजन पुकारताय. वाढलं वाढलं म्हणून साऱ्या वॉर्डाला ऐकवताय. दृष्ट लागून पोरं मेली तर तुमचं यंत्र येणार काय उतरवायला?"

मग कळलं की तिसऱ्याच दिवशी सगळ्या आयांनी मिळून तिला विनवलं होतं, स्वल्प कमी दाखव अक्का म्हणून. आणि ठकुबाईने कोणाला कमी, कोणाला जास्त असा भेदभाव केला नाही. मूल जितकं वाढेल तितकं बोट वर. (मामा, चौदा दिवस अकरा मुलांचं वजन एका औंसानेही हलू न देणं ही सोपी गोष्ट नाही. तिला शिकायला मिळालं असतं तर ती आमच्या पुढे असती.) चूक होऊ नये म्हणून पुस्तिकेने जे सांगितलं, त्यानेच ही चूक झाली होती, आणि ते ओरडणारी मी होते.

मी मोठ्या सिस्टरना बोलावलं. त्यांच्यासमोर तिप्पीला पुन्हा ताटात ठेवलं. ठकुबाईला दोन्ही हात डोक्यावर ठेवून लांब उभं केलं. काटा नऊ पौंड सहा औंसांवर गेला आणि तिथेच राहिला. मला ओरडावंसं वाटलं, पण मी तोंड दाबून धरलं. बघते तर सगळा वॉर्ड तोंड दाबून बसलेला. अकरा आया, कोणी खिडकीबाहेर बघतेय, कोणी पदर चावतेय. यल्लव्वाने डोळे गच्च मिटलेले, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी. ठकुबाई डोक्यावरचे हात न काढता मोठ्याने म्हणाली, "वाळली गं बाई पोर, अगदी काडी झाली." तशी दाराजवळची म्हातारी आई सुतकी चेहऱ्याने म्हणाली, होय, काही खरं नाही. एकामागून एक सगळ्या हळहळल्या. मोठ्या सिस्टरना काहीच उमगेना. त्या म्हणाल्या की पण वजन तर वाढलंय. अकरा तोंडांतून एकदम थू थू निघालं. एवढा आनंदाचा शोक मी जन्मात पाहिला नाही.

त्या दिवसापासून मी वजन मनातल्या मनात वाचते आणि खरं लिहिते. तोंडाने फक्त 'वाईट' किंवा 'फार वाईट' म्हणते. 'फार वाईट' ऐकून आया माझ्यासाठी चटणीपूड आणतात.

पण मागचे चौदा दिवस तक्त्यावर राहिलेच. ते पुसायला एक गुलाबी चूक-फॉर्म असतो. त्याचा गठ्ठा आला तसाच सुतळीने बांधलेला होता, कोणी कधी सोडलाच नव्हता. तो गाडीने गेला की मुलाला हलवणं आपोआप थांबतं. त्यात शेवटचा रकाना आहे, चूक कोणाची: १ परिचारिका, २ दाई, ३ पालक. एकच आकडा लिहायचा, यंत्राला दोन चालत नाहीत. ३ लिहिलं तर यल्लव्वा नियम न पाळणारी ठरून दोघींना घरी पाठवतील. २ लिहिलं तर ठकुबाईचं काम जाईल. १ लिहिलं तर फॉर्मचं काम माझ्याकडून जाईल आणि जानेवारीत दिल्लीला सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी माझं नाव गेलंय तेही कापलं जाईल. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "बाकीच्या वॉर्डांत सगळे दोनच लिहितात. पण लिहिणारी तू आहेस." एवढं बोलून औषधं मोजायला निघून गेल्या.

तुम्ही चौतीस वर्षं फॉर्म भरलेत. अशा वेळी माणसाने काय लिहावं, ते सविस्तर कळवावं. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
पुष्पावती

ता. क. दिल्लीला जाणार म्हणून अण्णांनी नवी ट्रंक घेतलीय आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ती उघडून दाखवतात. माझं जाणं बहुतेक होणार नाही, हे त्यांना तुम्ही पत्राने कळवाल का? माझ्याकडून ऐकलं तर ते रडतील. तुमच्याकडून ऐकलं तर चिडतील, आणि चिडणं त्यांच्या प्रकृतीला बरं. खरं सांगायचं तर मुख्यतः यासाठीच पत्र लिहायला बसले.

ता. क. २. सल्ला मात्र मनापासून मागितलाय, तो पाठवाच. फक्त हुबळीहून उत्तर यायला चार दिवस लागतात आणि गाडी कालच येऊन गेली. तुम्ही ३ म्हणणार नाही याची खात्री होती, २ म्हणाल अशी थोडी भीती होती, आणि तुमचा शब्द मोडणं मला जमलं नसतं. म्हणून तो यायच्या आतच, काल सकाळी आठ वाजता, शेवटच्या रकान्यात १ लिहून, सही करून, गुलाबी फॉर्म मी स्वतः गाडीवाल्याच्या हातात दिला.